वाकळीला बाटिक घ्यायचं की साधं कॉटन?

वाकळ किंवा पॅचवर्कची रजई शिवायला घेतली की आधी कापडावरच गाडी अडते, बाटिक (मेण लावून रंगवलेलं कापड) घेऊ का साधं कॉटन. माझं म्हणणं, हातानं शिवणार का मशीनवर ते पहिलं ठरवा, रंग-डिझाइन नंतर बघा.

बाटिक म्हणून बाजारात तीन प्रकारचं कापड मिळतं. एक इंडोनेशियात खास क्विल्टिंगसाठी, म्हणजे थर एकत्र शिवायच्या रजईकामासाठी बनवलेलं, ते महाग पडतं. दुसरं आपल्या देशातलं, उज्जैनच्या भेरूगडचं नाहीतर कच्छमधल्या मुंद्र्याचं. आणि तिसरं नुसतं बाटिकचं डिझाइन छापलेलं. आपल्या कोल्हापुरात महाद्वार रोडला असो नाहीतर जवळच्या गांधीनगरला होलसेलमध्ये, दुकानात कापड आधी उलटं करून बघायचं. खऱ्या बाटिकमध्ये मेण लावून अख्खं कापड रंगात बुडवतात, त्यामुळं दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच दिसतात, आणि मेणाला तडे गेलेले असतात तिथनं रंग आत शिरून बारीक वेड्यावाकड्या रेघा उमटतात. छापील असलं तर मागची बाजू बहुतेक फिकट दिसते. छापील वाईट नाही, पण मग त्याला बाटिकचा भाव देऊ नका.

मशीनवर शिवणार असाल तर क्विल्टिंगचं बाटिक खरंच सुंदर काम देतं. सूत बारीक, वीण एकदम घट्ट, त्यामुळं कापल्यावर कडेचे दोरे फारसे सुटत नाहीत, छोटे त्रिकोण कमी ताणले जातात, टोकाला टोक जुळतं आणि ॲप्लिकची (कापडावर दुसऱ्या कापडाचा आकार लावून शिवतात त्याची) कड दुमडली की घडी तिथल्या तिथं बसते. सुई मात्र ७०/१० नंबरची मायक्रोटेक्स, म्हणजे बारीक टोकदार सुई लावा, जाड सुईची भोकं पडतात आणि उसवलं तरी ती तशीच दिसत राहतात.

हातानं धावदोरा घालायचा तर हेच कापड जीव काढतं बघा. वरचा थर, मधला थर आणि अस्तर असं सगळं धरून सुईवर चार-पाच टाके घेतले की सुई पुढं सरकतच नाही, ओढून ओढून बोटं लाल होतात. आपल्याकडं वाकळीला धुवून धुवून मऊ झालेली लुगडी-धोतरं घ्यायचे ते उगच नाही, त्यात सुई लोण्यात गेल्यासारखी जाते. नवीनच पाहिजे असलं तर इचलकरंजीचं सुती कापड दोन-तीनदा धुवून घ्या, स्वस्त पडतं आणि हाताला त्रास देत नाही, फक्त कडा सुटतात म्हणून शिलाईला थोडं जास्त कापड सोडायचं. आपल्या देशातलं बाटिक या दोन्हीच्या मधलं, पण प्रत्येक तागा वेगळा असतो, दुकानातच चिमटीत धरून बघायचं.

रंगाच्या बाबतीत साधं फिकट कॉटन बिनघोर. बाटिकचे गडद लाल, निळे, काळे रंग जाऊ शकतात, ओलं पांढरं फडकं घासून बघा, डाग पडला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत पीस वेगळे धुवा. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होईल या भरवशावर राहू नका. आणि हे सगळं उन्हाळ्यातच उरकून घ्या, कोल्हापूरच्या पावसात जाड वाकळ एकदा भिजली की वाळता वाळत नाही.

मला विचाराल तर हातानं शिवायच्या वाकळीत बाटिक वरच्या थराला, तेही मोजके तुकडे, आणि खाली मऊ जुनी सुती साडी. घट्ट बाटिकचं अस्तर हातशिलाईला अजिबात लावू नका. घेताना मात्र लागेल तेवढं एकदमच घ्या, पुढच्या वेळी तोच रंग तसाच मिळत नाही.