बांधकाम परवानगी: पूर्ण छाननी करून घ्यावी की दाखल्यावर काम सुरू करावे?

शहरात घर बांधायला किंवा असलेल्या घरावर मजला चढवायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो परवानगी किती दिवसांत मिळेल हा, आणि त्याच्या उत्तरावरच बहुतेक जण अर्जाचा मार्ग ठरवून टाकतात. माझ्या मते विचार दुसऱ्या टोकापासून सुरू करावा: नकाशांत चूक राहिली असेल तर ती कोणाच्या आणि कामाच्या कोणत्या टप्प्यावर लक्षात येईल? कागदावर सापडलेली चूक एका दुपारीत दुरुस्त होते. स्लॅब भरल्यावर सापडली तर ती तोडूनच काढावी लागते.

शहरागणिक नावे बदलतात, पण मार्ग मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिल्यात संपूर्ण नकाशे, क्षेत्रफळाचे तक्ते आणि संरचनेचा तपशील आधी सादर करायचा असतो. यंत्रणेतील अभियंते तो नियमांशी ताडून पाहतात, त्रुटी कळवतात आणि त्या दूर झाल्यावर मंजुरी देतात. दुसऱ्यात ही आगाऊ छाननी होत नाही किंवा नावापुरती होते, आणि तिची जागा परवानाधारक तज्ज्ञाचा दाखला किंवा काम सुरू करत असल्याची मालकाची सूचना घेते. न्यूयॉर्क शहरात १९९५ पासून वास्तुविशारद किंवा अभियंता आपले नकाशे नियमांनुसार असल्याचे स्वतः प्रमाणित करू शकतो. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांवरील बांधकाम कमी जोखमीचे मानले असून तेथे तज्ज्ञाच्या दाखल्यासह कागदपत्रे व शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी ठरते. इंग्लंडमध्ये बांधकाम नियमांपुरते बोलायचे तर पूर्ण नकाशांचा अर्ज आणि साधी बांधकाम सूचना असे दोन्ही पर्याय आहेत, आणि सूचना दिल्यावर दोन दिवसांनी काम सुरू करता येते. (नियोजनाची परवानगी तेथे वेगळी घ्यावी लागते, या दोहोंची गल्लत करणारे अर्जदार कमी नाहीत.)

दुसरा मार्ग वेगवान आहे यात शंका नाही, पण त्या वेगासाठी अर्जदार काय सोडून देतो हे त्याला क्वचितच सांगितले जाते. बांधकाम सूचनेवर काम सुरू केले तर हातात मंजूर नकाशा नसतो. निरीक्षक जागेवर येतो, खोदलेला पाया किंवा बांधलेली भिंत पाहतो आणि तेथेच आक्षेप घेतो. त्याला दाखवायला ‘हे तुम्हीच मंजूर केले होते’ असा कागद मालकाजवळ नसतो. स्वयंप्रमाणित अर्जांचीही काही प्रमाणात नंतर तपासणी होते, आणि गंभीर त्रुटी आढळल्यास दिलेला परवाना रद्द होऊ शकतो. अशा वेळी दाखला देणाऱ्या तज्ज्ञावर कारवाई होईलही, परंतु अर्धवट उभी इमारत त्याची नसते, मालकाची असते.

एक साधे उदाहरण घेऊ. जिना चढताना डोक्यावर किती मोकळी उंची हवी याबाबत इंग्लंडच्या मार्गदर्शिकेत २ मीटर आणि अमेरिकेतील घरांच्या नमुना संहितेत ६ फूट ८ इंच असे माप आहे, म्हणजे दोन्ही जवळपास सारखेच. मजल्याच्या आराखड्यात ही उंची दिसतच नाही. तिच्यासाठी जिन्यातून घेतलेला उभा छेद, म्हणजे घर उभे कापल्यासारखे दाखवणारा नकाशा, लागतो. वरच्या मजल्यावर न्हाणीघर थोडे पुढे सरकवले, तुळई जिन्यावर आली आणि छेद मात्र जुनाच राहिला, तर चूक घरातल्या कोणाच्याही ध्यानात येणार नाही. छाननी करणारा अभियंता आराखडा आणि छेद शेजारी ठेवतो, त्यामुळे ती त्याच्या नजरेत येण्याची बरीच शक्यता असते. दाखल्याच्या मार्गाने गेलेल्या घरात ती पहिल्यांदा कळते ती बहुधा सेंट्रिंग काढल्यावर, वर चढणाऱ्याच्या कपाळाला.

म्हणून ज्याचा भूखंड सरळ चौकोनी आहे, सामासिक अंतरे (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) नियमापेक्षा हातभर जास्तच सुटलेली आहेत, वापर निव्वळ राहण्याचा आहे आणि नकाशा करणाऱ्याने त्याच शहरात अशी घरे यापूर्वी केलेली आहेत, त्याने खुशाल दाखल्याचा मार्ग घ्यावा. तेथे छाननीतून नवे फारसे काही निघत नाही. याउलट भूखंड तिरका असेल, खाली दुकान आणि वर घर असा मिश्र वापर असेल, जुन्या भिंतींवर नवा भार टाकायचा असेल किंवा प्रत्येक माप नियमाच्या काठावर आणून बसवले असेल, तर पूर्ण छाननीत गेलेले आठवडे वाया गेले असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी निवड आपल्या हातात नसतेच: इंग्लंडमध्ये सार्वजनिक मलनिस्सारण वाहिनीच्या जवळ किंवा तिच्यावर बांधायचे असल्यास केवळ सूचनेवर काम करता येत नाही.

पूर्ण छाननीला वेळ लागतो ही तक्रार खरी आहे, पण तिचा हिशेब नीट मांडला जात नाही. इंग्लंडमध्ये पूर्ण नकाशांवर निर्णयासाठी पाच आठवडे आहेत आणि अर्जदाराच्या संमतीने ही मुदत वाढवता येते. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यात ६० दिवसांत निर्णय न कळवल्यास परवानगी मिळाल्याचे मानले जाते, आणि अनेक जण याच तरतुदीवर विसंबून बसतात. मात्र यंत्रणेने माहिती मागवली असेल तर ते ६० दिवस आपले उत्तर पोहोचल्यापासून मोजले जातात. शिवाय बांधकाम नियमात बसत नसेल तर अशा मानीव परवानगीचा आधार टिकत नाही. तेव्हा उशिराचा मोठा वाटा त्रुटीपत्रांच्या फेऱ्यांत असतो आणि त्या फेऱ्या बऱ्याच अंशी आपल्याच हातात असतात. नकाशावर खोलीचे क्षेत्रफळ १२.४० आणि तक्त्यात १२.०४ असे पडले, तरी अर्ज परत येतो. सादर करण्यापूर्वी नकाशा न काढलेल्या दुसऱ्या माणसाकडून सगळे आकडे एकदा मोठ्याने वाचून ताडून घ्यावेत. हे काम कंटाळवाणे आहे, पण याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

टप्प्याटप्प्याने परवानगी घेण्याचा तिसरा मार्गही काही शहरांत खुला असतो. अमेरिकेत प्रचलित असलेल्या नमुना संहितेनुसार उर्वरित नकाशे पूर्ण होण्याआधी पायापुरता परवाना मिळू शकतो, पण पुढची परवानगी मिळेलच अशी हमी त्यात नसते. मोठ्या प्रकल्पाला हे परवडते, एका घराच्या मालकाने त्यात पडू नये.

अर्ज कोणाच्या नावाने जातो, हाही दुय्यम मुद्दा नाही. सिंगापूरसारख्या ठिकाणी पात्र तज्ज्ञाशिवाय नकाशे सादर करता येत नाहीत; अमेरिकेतील अनेक राज्यांत मालक स्वतःच्या घराचा परवाना स्वतः काढू शकतो. तज्ज्ञाचे शुल्क वाचते हे खरे असले तरी तपासण्या वेळेवर बोलावणे, कामगारांची जबाबदारी आणि नियमभंगाचे उत्तर हे सारे मालकाकडे येते. कंत्राटदारच ‘परवाना तुमच्या नावाने काढा, बरे पडेल’ असे सुचवत असेल तर त्याचा स्वतःचा परवाना चालू आहे का, हे आधी विचारावे.

राहिली गोष्ट परवानगीच्या आयुष्याची. वर उल्लेखिलेल्या अमेरिकी संहितेत १८० दिवसांत काम सुरू झाले नाही, किंवा सुरू होऊन तेवढे दिवस थांबले, तर परवाना बाद होतो. महाराष्ट्रात परवानगी एक वर्ष टिकते आणि वाढवत नेल्यास एकूण चार वर्षांपर्यंत जाते. ज्याच्या कर्जाची व्यवस्था अजून व्हायची आहे किंवा ज्याचे घरच्यांशी खोल्यांवरून एकमत झालेले नाही, त्याने दोन दिवसांत मिळणारी परवानगी हातात घेऊन मुदतीचे घड्याळ चालू करण्यात काही हशील नाही; छाननीचे आठवडे त्याला तसेही लागणारच आहेत, आणि त्या काळात कर्जही मंजूर होईल आणि स्वयंपाकघर कोणत्या बाजूला हे भांडणही मिटेल.