पुणे महामार्गावरील चार्जिंग केंद्र: सोय चांगली, छत हवे
सोलापूरहून पुण्याकडे जाताना एका ढाब्याच्या आवारात असलेल्या या केंद्राला छत नाही, त्यामुळे मे महिन्यात चार्जरच्या पडद्यावरील आकडे वाचण्यासाठी तळहाताची सावली धरावी लागते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी संपेपर्यंत गाडी मात्र पुरेशी चार्ज होते. हायड्रोजन वायू भरून चालणाऱ्या मोटारींची वाट पाहणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की येथे वीज आधीच पोहोचलेली होती. मोटारींतील हायड्रोजन साधारणपणे ७०० बार, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे ७०० पट, दाबाखाली भरावा लागत असल्याने कॉम्प्रेसर, शीतकरण आणि खास टाक्या असा सारा महागडा सरंजाम उभारावा लागतो, शिवाय विजेपासून हा वायू आणि गाडीत त्या वायूपासून पुन्हा वीज करताना निम्म्याहून अधिक ऊर्जा वाया जाते. चार्जिंगचा दर फलकावर लिहिलेला नाही, हे मात्र खटकले.