सिंगापूरची चिनी दफनभूमी: कुळाची टेकडी की पालिकेची?

एकोणिसाव्या शतकात सिंगापूर वाढत गेलं आणि गावाबाहेरच्या चिनी थडग्यांच्या टेकड्या बंगल्या-रस्त्यांच्या आड येऊ लागल्या. इंग्रज म्हणत, रोगराई पसरते. चिनी म्हणत, तुम्हाला जमीन हवी आहे. 1887 च्या दफन विधेयकाला कडाडून विरोध झाला. कायदा व्हायला 1896 उजाडलं.

कुळाच्या किंवा भाषिक गटाच्या टेकडीवर घरच्यांना मनासारखी जागा निवडता येई. मागे उंचवटा, पुढे मोकळा उतार, दिशा फेंगशुई जाणणारा ठरवणार, आणि थडगं घोड्याच्या नालाच्या आकाराचं. ऐपत असेल तर ऐसपैस. पण मालकी गटाची. ओंग आडनावाच्यांच्या टेकडीवर भलत्या आडनावाचा माणूस कसा पुरणार?

पालिकेने 1919 मध्ये नेमकी ओंग कुळाचीच जमीन सक्तीने घेतली आणि 1922 पासून तिथली बुकिट ब्राउन दफनभूमी सर्व चिन्यांना खुली केली. इथे ओळी, क्रमांक, नोंदवही. सुरुवातीचे प्लॉट इतके लहान की लोक फिरकेनात. ते मोठे केल्यावरच गर्दी वाढली. नियम थडग्यांपुढे वाकले, हे मला फार आवडतं.

बेवारस गरिबासाठी मी पालिकेची बाजू घेईन, बाकीच्यांसाठी कुळाची. टिकाऊपणाचं मात्र विचारू नका: ऑर्चर्ड रोडवरच्या तिओच्यू या चिनी भाषिक गटाच्या दफनभूमीवर आज मॉल आहे, आणि बुकिट ब्राउनमधली हजारो थडगी महामार्गासाठी उकरली गेली.