काळजीची ‘लेव्हल’ वाढवून होणाऱ्या लुटीपासून सावध राहा

आई-वडिलांसाठी असिस्टेड लिव्हिंगमधली, म्हणजे राहण्या-जेवण्यासोबत रोजच्या कामात मदत मिळते अशा वृद्धांच्या निवासातली जागा शोधत असाल, तर खोली आणि बाग बघण्याआधी एक विचारा: काळजीची लेव्हल कोण ठरवणार आणि ती कधी बदलणार? आमची फसवणूक नेमकी तिथेच झाली.

अशा ठिकाणी बिलाचे दोन भाग असतात. राहण्या-जेवण्याचे ठरलेले पैसे आणि वर मदतीचे. मदत जास्त, तशी लेव्हल वरची. पद्धत रास्त आहे. लेव्हल ठरवताना बहुधा सहा कामं बघतात: आंघोळ, कपडे घालणं, शौचालयाला जाणं, पलंगावरून उठणं-बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि आपल्या हाताने जेवणं. सिडनी कॅट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी सहकाऱ्यांबरोबर १९६३ साली ही मोजपट्टी मांडली. काम स्वतःचं स्वतः जमलं की १ गुण, एकूण ६. आमच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा आईला ५ गुण होते. फक्त आंघोळीला कुणीतरी लागायचं. त्यावरून पहिली लेव्हल ठरली, डिपॉझिट भरलं, आई राहायला गेली.

पुढच्याच महिन्यात ‘पुन्हा तपासणी झाली’ म्हणून तिसरी लेव्हल लावली. आम्हाला बोलावलं नाही, डॉक्टरांना विचारलं नाही. कागदावर होतं की कपडे घालायला आणि शौचालयाला न्यायला माणूस लागतो. आम्ही कधीही जावं, तर आई स्वतः तयार होऊन बसलेली! मॅनेजर म्हणाले, “या वयात तब्येत झपाट्याने ढासळते, तुम्हाला रोज दिसत नाही ना.” हे ऐकलं की मुलं गप्प होतात, कारण आपण रोज जवळ नसतो ही टोचणी मनात आधीच असते. त्या टोचणीवर पैसे काढणं मला सर्वांत नीच वाटलं.

मग मी रोजच्या नोंदींची वही मागितली. बरीच टाळाटाळ झाली. शेवटी मिळाली, तर आई आमच्या घरी मुक्कामाला होती त्या तारखांनाही ‘आंघोळ घातली’, ‘गोळ्या दिल्या’, ‘शौचालयाला नेलं’ असं लिहिलेलं, खाली सह्या. तिन्ही पाळ्यांचं अक्षर एकच. मी तिथेच फोटो काढले.

रात्रीचा प्रकार त्याहून वाईट. माहितीपत्रकात ‘चोवीस तास नर्स’, करारात मात्र ‘गरजेनुसार नर्सिंग सेवा’. प्रत्यक्षात नर्स फोनवर आणि दोन मजल्यांना मिळून एक मावशी. शेजारच्या खोलीतल्या आजी बेल वाजवून थकल्या, एकट्याच उठल्या आणि पडल्या. मावशींना बोल लावू नका. एकटी बाई किती ठिकाणी धावणार?

म्हणून पैसे भरण्याआधी करारात लिहून घ्या की घरच्यांच्या समोर आणि बाहेरच्या डॉक्टरांच्या तपासणीशिवाय लेव्हल बदलणार नाही, आणि नोंदवही कधीही बघता येईल. रात्री प्रत्यक्ष जागं कोण असतं, तेही आकड्यात लिहून घ्या. तोंडी ‘हो हो’ला काही किंमत नाही. शक्य असेल तर रात्री उशिरा, न कळवता एक चक्कर मारा. दिवसा दाखवायला सगळेच तयार असतात.

आईला आम्ही तिथून हलवलं. निघताना डिपॉझिटमधून रंगकाम आणि ‘वाढीव सेवा’ म्हणून मोठी रक्कम कापली. वहीचे फोटो जोडून लेखी तक्रार केली आहे, उत्तर अजून आलेलं नाही.