गोरिला पाहायला युगांडा की रवांडा?

माउंटन गोरिला जगात तीनच देशांत आहेत: युगांडा, रवांडा आणि काँगो. काँगोतली अस्थिरता पाहता निवड उरते ती पहिल्या दोघांत.

फरक आधी पैशांत दिसतो. परदेशी पर्यटकाला रवांडात परमिटचे १५०० डॉलर पडतात, युगांडात ८००. पदरात पडतं ते सारखंच. एका कळपाजवळ आठच पर्यटक, तेही एकच तास. पंधरा वर्षांखालच्या मुलांना दोन्हीकडे प्रवेश नाही, तेव्हा लहान मुलं बरोबर असतील तर हा बेत पुढे ढकला.

रवांडाचे जादा पैसे वेळ वाचवतात. राजधानी किगालीहून गोरिलांचं व्होल्कॅनोज नॅशनल पार्क गाडीने अडीच-तीन तासांवर. युगांडात मात्र एन्टेबेच्या विमानतळाहून ब्विंडीला, म्हणजे तिथल्या गोरिलांच्या जंगलात, जायला अख्खा दिवस मोडतो. किगालीला उतरून सीमेपलीकडे ब्विंडी गाठणं हा मधला मार्ग मला सगळ्यात पटतो. पूर्व आफ्रिका टुरिस्ट व्हिसा १०० डॉलरचा, तो या दोन्ही देशांत आणि केनियातही चालतो.

ब्विंडीची चढण दमवते. उभे उतार, निसरडा चिखल, वाटाड्या कोयत्याने वेली तोडत पुढे. अंगाला लागली की आग आग होते अशी झुडपं जागोजागी, म्हणून पँट मोज्यात खोचायची आणि हातमोजे घालायचे. हमाल जरूर घ्या. चढावर हात द्यायला कुणीतरी लागतंच, शिवाय जंगल राखण्यात गावाचा फायदा राहतो तो याच पैशांतून.

गोरिलांपलीकडे युगांडात बघण्यासारखं फार आहे: किबालेचे चिंपांझी, इशाशात झाडावर चढून बसणारे सिंह, आणि जिंजाला व्हिक्टोरिया सरोवरातून निघणारी नाईल, जिथे १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचा काही भाग विसर्जित झाला. रस्त्यावर ‘रोलेक्स’ खा, म्हणजे चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट.

रवांडा लहान, नेटका. किगालीतलं १९९४ च्या नरसंहाराचं स्मारक चुकवू नका. अडीच लाखांहून अधिक बळी तिथे दफन आहेत. प्लास्टिक पिशव्यांवर २००८ पासून बंदी आहे, चिवडा-चकली डब्यातच न्या.

चार-पाच दिवसच असतील तर रवांडा. आठवडाभराहून जास्त सवड असेल तर मी डोळे मिटून युगांडा सांगेन.

आपली मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टी नेमकी तिथल्या पावसात येते. जून ते सप्टेंबर किंवा डिसेंबर ते फेब्रुवारी धरा. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या, आणि परमिट हातात आल्यावरच विमानाचं तिकीट काढा.