मेटार-टॅफ: कोडच वाचायचा की ॲपला वाचू द्यायचं?

नव्या उड्डाण प्रशिक्षण संस्थांसाठी विमानतळ प्राधिकरणाने २०२१ मध्ये पाच विमानतळ निवडले, त्यांत जळगाव, कलबुर्गीबरोबर आपलं सांबराही, म्हणजे बेळगावचं विमानतळही होतं. तेव्हापासून खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या घरांतूनही 'पोराला पायलट करायचं' हे वाक्य ऐकू येऊ लागलं. पेपरच्या तयारीला लागलेली मुलं माझ्याकडे हवामानाचं पुस्तक घेऊन येतात. पुस्तकातला कोड, म्हणजे विमानतळावरच्या त्या वेळच्या हवामानाचा रिपोर्ट (मेटार) आणि पुढच्या तासांचा अंदाज (टॅफ) ज्या संक्षिप्त भाषेत लिहितात तो, पाठ झालेला असतो. मग प्रश्न येतो तो रोजच्या वापराचा: दररोज सकाळी तो कोड सोडवत बसायचं, की फोनवरच्या ॲपला सोडवू द्यायचं? दोन्ही मी बरीच वर्षं वापरलंय, अजूनही दोन्ही फोनवर आहेत. त्यामुळे जे सांगतोय ते अनुभवाचं आहे. तुमचं काम वेगळं असेल तर उत्तरही वेगळं असू शकतं.

व्हीओबीएम म्हणजे सांबरा, झेड म्हणजे झुलू वेळ (यूटीसी, आपल्या साडेपाच तास मागे), बीकेएन म्हणजे आठातले पाच ते सात भाग आकाश झाकलेलं, हे तुम्हाला येतंय असं धरून चालतो.

आधी ॲपच्या बाजूने बोलतो, कारण ती बाजू खरोखर भक्कम आहे. पहिली गोष्ट वेळेची. साडेपाच तास मिळवणं सोपं वाटतं, पण टॅफमधला '१४२०' (चौदा तारीख, झुलू वीस वाजता) हा गट म्हणजे आपल्याकडे पंधरा तारखेची रात्रीची दीड ही पलटी पहाटे उठून अर्धवट झोपेत करायची असेल तर तारीख हमखास घसरते. ॲप ती घसरू देत नाही. दुसरी गोष्ट क्वचित भेटणाऱ्या गटांची. धुक्यात येणारी उभी दृश्यमानता, नुकत्याच थांबलेल्या गडगडाटाचा 'आरई'ने सुरू होणारा उल्लेख, विंडशिअरचा (वाऱ्याचा वेग-दिशा अचानक बदलण्याचा) इशारा. सहा महिन्यांतून एकदा दिसणारं विसरायला होतंच, आणि तिथे ॲप मुकाट्याने अर्थ समोर ठेवतं. घरच्यांसाठी तर ॲपच बरं. मुंबईहून येणाऱ्या लेकीला आणायला जाणाऱ्या बापाला क्यूएनएच (समुद्रसपाटीला धरून काढलेला हवेचा दाब) कशाला हवाय?

वारा, तापमान, दवबिंदू यांत दोन्हीकडे फारसा फरक नाही. सांबऱ्याची धावपट्टी ०८-२६ आहे, पावसाळाभर वारा पश्चिमेचा, त्यामुळे बहुतेक दिवस तो जवळजवळ सरळ नाकावरच येतो. ते आकडे कुठेही वाचा, निर्णय तोच निघतो.

फरक सुरू होतो ढगांपाशी. जुलैत बेळगावचं आकाश पाहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे, इथे पावसापेक्षा ढगाचा तळ जास्त सतावतो. रिमझिम दिवसभर असली तरी विमानं येतात-जातात. तळ खाली आला की सगळं अडतं. कोडमध्ये 'बीकेएन००८' (तळ ८०० फुटांवर) आणि 'बीकेएन०३०' (तळ ३००० फुटांवर) यांतला फरक डोळ्यांत भरतो. बऱ्याच ॲपांत मात्र दोन्हींना एकच चित्र: करडा ढग आणि खाली दोन थेंब. उंचीचा आकडा असतो, पण तो बघायला खाली सरकवावं लागतं, आणि चित्र बघून मन झालेलं असतं.

आपल्या भागात हे जरा जास्तच महत्त्वाचं आहे. सांबरा समुद्रसपाटीपासून २४८७ फुटांवर, आणि मेटारमधली ढगाची उंची त्या-त्या विमानतळाच्या जमिनीपासून मोजलेली. म्हणजे सांबऱ्यावर ८०० फुटांचा तळ असेल तेव्हा क्यूएनएचवर लावलेला आल्टिमीटर (उंचीमापक) त्या तळाशी सुमारे ३३०० दाखवत असतो. तोच ढगांचा थर गोव्याच्या दाबोळीवर असता तर तिथल्या मेटारमध्ये तीन हजारांच्या वर दिसला असता, कारण ते विमानतळ समुद्राला चिकटलेलं. 'गोव्यात तर ठीक आहे, मग इथे काय झालं?' हा प्रश्न चोर्ला घाट उतरून गेलेल्या प्रत्येकाने कधीतरी विचारलेला असतो. कोड वाचणारा व्हीओजीओ, व्हीओबीएम, व्हीओएचबी आणि व्हीएकेपी अशा चार ओळी एकाखाली एक घेतो आणि गोवा, बेळगाव, हुबळी, कोल्हापूर यांचं उत्तर एका नजरेत मिळवतो. जाता जाता: शेजारी असूनही कोल्हापूरचा कोड 'व्हीए'ने सुरू होतो आणि आपला 'व्हीओ'ने. ते मुंबईच्या हवाई क्षेत्रात, आपण चेन्नईच्या. ॲपमध्ये 'जवळचे विमानतळ' शोधताना कोल्हापूर गळालेलं मी पाहिलंय, तेव्हा ते स्वतः जोडून घ्या.

मग रंग. बहुतेक ॲप हिरवा, निळा, लाल, जांभळा असे ठिपके दाखवतात. ही वर्गवारी अमेरिकन आहे. तळ १००० ते ३००० फुटांत असेल किंवा दृश्यमानता तीन ते पाच मैलांत असेल, तर ठिपका निळा. आपल्याकडे कंट्रोल झोनमध्ये (विमानतळाभोवतीच्या नियंत्रित क्षेत्रात) व्हीएफआरने, म्हणजे डोळ्यांनी बघून, उतरायचं-उडायचं तर सीलिंग (ढगाचा तळ) १५०० फूट आणि दृश्यमानता पाच किलोमीटर लागते. म्हणजे सहा किलोमीटर दृश्यमानतेचा एक निळा ठिपका आपल्या नियमात बसतो, आणि १२०० फूट सीलिंगचा दुसरा तितकाच निळा ठिपका बसत नाही. "दादा, ॲपवर निळंच तर दाखवायलंय की," असं मुलं म्हणतात तेव्हा त्यांची चूक नसते. त्या रंगाने आपला नियम विचारलेलाच नाही.

एवढ्यावरही मी ॲपवर विसंबणं सोडलं नसतं. रंगांची सवय करता येते, चित्राखालचा आकडा बघायची शिस्त लावता येते. माझं मन वळवलं ते टेम्पोने, म्हणजे टॅफमधल्या थोड्या वेळापुरता बदल सांगणाऱ्या गटाने.

एप्रिल-मे मधला वळीव आठवा. सकाळी लख्ख ऊन, दुपारी उकाडा, तीनच्या सुमारास पूर्वेकडून काळं चढायला लागतं, धुळीची एक लाट येते, गारा पडतात, अर्ध्या-पाऊण तासात सगळं मोकळं आणि मातीचा वास. मच्छे-पिरनवाडीला झोडपतो आणि सांबऱ्याला थेंब नाही, असंही होतं. हवामान खात्याचा माणूस हे टॅफमध्ये मांडतो तेव्हा मुख्य ओळीत चांगलं हवामान लिहितो आणि पुढे जोडतो: 'टेम्पो १५०९/१५१२', मग जोराचा वारा, दोन हजार मीटर दृश्यमानता, टीएसआरए (गडगडाटासह पाऊस), सीबी (गडगडाटी ढग). म्हणजे पंधरा तारखेला दुपारी अडीच ते साडेपाच. टेम्पोचा नियम नेमका आहे: प्रत्येक झटका तासाच्या आत, आणि सगळे मिळून त्या कालावधीच्या निम्म्याहून कमी. तीन तासांच्या खिडकीत हे हवामान एकूण दीड तासाहून कमी राहील, बाकी वेळ मुख्य ओळ खरी. वळवाचं याहून नेमकं वर्णन मला माहीत नाही.

ॲप याचं काय करतं? मी वापरलेल्यांत दोन प्रकार भेटले. एका लोकप्रिय ॲपने तासवार पट्टी काढली आणि अडीच ते साडेपाच पूर्ण लाल करून प्रत्येक तासावर विजेचं चिन्ह बसवलं. दुसऱ्याने मुख्य ओळ धरून सूर्य दाखवला आणि टेम्पो तळाशी बारीक अक्षरांत टाकला. दुसऱ्या प्रकाराचा धोका उघड आहे. मला जास्त काळजी पहिल्याची वाटते. मे महिन्यात रोज दुपारी तीन तास लाल पट्टी दिसते आणि त्यातले बहुतेक तास कोरडे जातात. पंधरवड्यात मुलगा शिकतो की लाल म्हणजे काही नाही. नंतर मॉन्सून बसतो, टॅफच्या मुख्य ओळीतच पाऊस आणि खालचे ढग येतात, केवळ टेम्पोत नाही, आणि पट्टी तरीही तशीच लाल. नजर तोवर मरून गेलेली असते. कोड वाचणाऱ्याला हे दोन दिवस वेगळे दिसतात, कारण ते वेगळ्या शब्दांत लिहिलेले असतात. बीईसीएमजीचंही तेच. तो बदल टिकणारा, येऊन राहणारा. पट्टीवर मात्र बीईसीएमजी आणि टेम्पो हे दोन्ही केवळ रंग बदलणारे चौकोन.

याच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे. टॅफमध्ये 'प्रॉब' (शक्यतेची टक्केवारी) फक्त ३० किंवा ४० असतो. शक्यता पन्नास टक्के किंवा त्याहून जास्त वाटली तर प्रॉब लिहायचाच नाही, सरळ टेम्पो किंवा बीईसीएमजी द्यायचा. म्हणजे नुसता टेम्पो हा 'प्रॉब३० टेम्पो'पेक्षा जास्त ठाम. ॲपमध्ये प्रॉबचं '३०%' ठळक दिसतं, आणि नुसत्या टेम्पोला टक्केच नसतात म्हणून तो हलका वाटतो. अर्थ नेमका उलटा होतो. सोलोला (एकट्याने उडायला) निघालेल्या विद्यार्थ्याने हा उलटा अर्थ घेऊन वळवाच्या दुपारी लोकल एरिया (विमानतळाजवळचं सरावाचं क्षेत्र) सोडू नये, एवढ्यासाठीच मी हे पुन्हा पुन्हा सांगतो.

बरं, ॲपने कोडमधला एकही शब्द चुकवलेला नसतो. शब्दाला शब्द बरोबर असतो. जातो तो लिहिणाऱ्याचा तोल: कशावर तो ठाम आहे, कुठे त्याने जागा सोडली आहे. इतक्या छोट्या मजकुरात त्याने तो तोल ठेवलेला असतो आणि तो वाचायला मिळणं मला महत्त्वाचं वाटतं. काहींना वाटणार नाही, ते मान्य.

कोडचा दुसरा फायदा मागचे रिपोर्ट वाचण्याचा. ॲप उघडलं की ताजा मेटार समोर येतो, मागचे शोधावे लागतात. कोडच्या साइटवर गेल्या काही तासांच्या ओळी एकाखाली एक मिळतात, आणि वळवाच्या दिवसांत त्या वरून खाली वाचणं म्हणजे आकाश बघण्यासारखंच आहे: सकाळी ढगाचा गटच नाही, मग एफईडब्ल्यू (थोडे ढग), मग त्याच्या शेपटीला टीसीयू (उंच वाढत जाणारा ढग), मग सीबी, वारा पश्चिमेचा असतो तो एका ओळीत पूर्वेला फिरतो आणि जी लागून झोत येतो. पावसाळ्यात दवबिंदू तापमानाला भिडत जातो आणि तळ हळूहळू उतरतो. शेवटी 'नोसिग' असेल तर पुढचे दोन तास खास बदल नाही, हे त्या सगळ्या ओळींच्या संदर्भात वाचलं तर जास्त पटतं. एकटा ताजा रिपोर्ट हे सांगू शकत नाही.

नेटवर्कचंही आहे. जांबोटी-कणकुंबीकडे पावसात सिग्नल असून नसल्यासारखा. तिथे ॲपचा नकाशा फिरत बसतो. कोडची एक ओळ मात्र कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवली की पोचते. गावी गेलेल्या मुलाने उद्याच्या सॉर्टीसाठी (सरावाच्या उड्डाणासाठी) निघायचं की नाही, हे त्या एका ओळीवर ठरवलेलं मी पाहिलंय.

कोड सोपा आहे असं मात्र म्हणणार नाही. सुरुवातीचा महिना डोकं दुखतं, नॉट आणि किलोमीटर गुंततात, झुलूची बेरीज चुकते. त्या महिन्यात ॲप शेजारी ठेवायला माझी हरकत नाही, फक्त क्रम असा ठेवा: आधी ओळ वाचून अर्थ वहीत लिहायचा, मग ॲप उघडून ताडायचं. उलट क्रमाने केलं तर ओळ वाचली जातच नाही, डोळा तिच्यावरून घसरतो. ज्यांना कॉकपिटमध्ये बसायचंच नाही, फक्त विमान वेळेवर येईल का एवढंच बघायचंय, त्यांनी ॲप घ्यावं आणि ढगाच्या तळाचा आकडा तेवढा शोधून बघावा. पावसाळ्यात सांबऱ्याला तोच आकडा ठरवतो.

आणि ॲप घेणारच असाल तर तीन गोष्टी बघून घ्या. सेटिंगमध्ये मूळ कोडची ओळ वर दाखवायची सोय आहे का. 'दोन मिनिटांपूर्वी अपडेट' असं लिहिलेलं असेल तर ती वेळ ॲपने माहिती आणल्याची की रिपोर्ट घेतल्याची, हे मूळ ओळीतल्या झुलू वेळेशी ताडता येतं का. आणि टॅफ पट्टीऐवजी गटागटाने, टेम्पो आणि बीईसीएमजी वेगळे ठेवून दाखवता येतो का. तिसऱ्याचं उत्तर नाही आलं तर टॅफसाठी तरी त्या ॲपवर विसंबू नका. भारतीय हवामान खात्याच्या हवाई सेवेच्या साइटवर किंवा अमेरिकेच्या सरकारी एव्हिएशन वेदर साइटवर व्हीओबीएम टाका, मूळ मजकूर मिळतो.