गलाता मेवलेवीहानेतील सेमा : पहिली वीस मिनिटे धीर धरा

इस्तंबूलच्या गलाता मेवलेवीहानेत, म्हणजे तेराव्या शतकातील सूफी कवी रूमी यांना मानणाऱ्या मेवलेवी पंथाच्या जुन्या मठात, रविवारी संध्याकाळी होणारा सेमा, म्हणजे गिरक्या घेत केला जाणारा त्या पंथाचा विधी, पाहायला जाताना आपण ‘पारंपरिक तुर्की नृत्याच्या कार्यक्रमाला’ चाललो आहोत असे मनात धरले, तर सुरुवातीची वीसेक मिनिटे निराशेत जाण्याची शक्यता आहे, कारण तेवढ्या वेळात कोणीही गिरकी घेत नाही. एक गायक साथीशिवाय गातो, मग बोरूची एक बासरी एकटीच वाजत राहते, आणि काळे झगे पांघरलेली माणसे संथ पावलांनी दालनाला फेऱ्या घालतात. आमच्या पुढे बसलेल्या एका जोडप्याने एवढ्या वेळात दोनदा घड्याळ पाहिले. माझ्या मते तिकिटाचे निम्मे पैसे याच भागात वसूल होतात. मात्र हे कळण्यासाठी मला आदल्या रात्री एक फसलेला कार्यक्रम पाहावा लागला.

तो कार्यक्रम जेवणासकट होता आणि हॉटेलच्या स्वागतकक्षातील माणसाने तो आग्रहाने आमच्या गळ्यात मारला होता. त्या उपाहारगृहाचे नाव लिहीत नाही. तसे कार्यक्रम त्या शहरात अनेक ठिकाणी चालतात. कबाबच्या ताटल्या घेऊन वाढपी ये-जा करत होते आणि त्यांच्यामधल्या जागेत एक तरुण निळ्या-जांभळ्या दिव्यांखाली पाच-सात मिनिटे गिरक्या घेऊन, वाकून नमस्कार करून निघून गेला. लगेच त्याच जागी बेली डान्स सुरू झाला. सत्तरी ओलांडलेली माझी आई हातातला काटा खाली ठेवून म्हणाली, “अरे, हे देवाचं आहे ना? मग आपण जेवतोय काय?” मेवलेवी सेमाला युनेस्कोने 2005 साली मानवजातीच्या मौखिक आणि अमूर्त वारशातील श्रेष्ठ कृती म्हणून घोषित केले आणि 2008 साली त्याचा समावेश प्रातिनिधिक यादीत झाला. पर्यटकांसाठी हा विधी आखडता आणि सोपा केला जातो, ही चिंता युनेस्कोच्या त्या नोंदीतही व्यक्त झाली आहे. आईने ती नोंद वाचलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही गलाताला गेलो. काराकोयहून वर जाणारा चढ आईच्या गुडघ्यांना झेपणारा नव्हता, म्हणून त्युनेलने गेलो. 1875 साली सुरू झालेली ही भुयारी गाडी लंडननंतरची जगातील सर्वांत जुनी शहरी भुयारी रेल्वे मानली जाते आणि दीड-दोन मिनिटांत टेकडीवर पोहोचवते. वरच्या स्थानकातून बाहेर पडून गालिप देदे रस्त्याला लागले की काही पावलांवर मठाचे दार येते. बाहेर वाद्यांची दुकाने आणि पर्यटकांची रेटारेटी असते. दार ओलांडले की झाडे, थडगी आणि अंगण दिसते. थडग्यांच्या या जागेला मेवलेवी लोक दफनभूमी म्हणत नाहीत, ‘हामुशान’ म्हणतात, म्हणजे ‘मौन धरलेल्यांची जागा’. तुर्की भाषेतील पुस्तके छापणारा पहिला छापखाना काढणारे इब्राहिम म्युतेफेर्रिका इथेच विसावले आहेत. सेमाच्या वेळेआधी तासभर पोहोचावे, असे मी सांगेन ते मुख्यतः या अंगणासाठी.

हा मठ 1491 साली इस्केंदर पाशाच्या शिकारीच्या जागेवर उभा राहिला. 1765 च्या आगीत तो जळाला, पुन्हा बांधला गेला, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस शेख गालिप हे कवी त्याचे प्रमुख असताना त्याला मोठे वैभव आले. सुलतान तिसरा सेलीम स्वतः संगीतकार होता, त्याने सेमासाठी एक संपूर्ण रचना बांधली होती, आणि गालिप यांच्याशी त्याचा स्नेह होता. 1925 च्या कायद्याने तुर्कस्तानातील सर्व तेक्के, म्हणजे सूफी मठ, बंद झाले आणि त्यांतला हाही. 1975 पासून ही वास्तू संग्रहालय आहे. त्यामुळे आज इथे जे होते त्याला मठाचा विधी म्हणावे की सादरीकरण, हा प्रश्न रास्त आहे. परंतु ‘पर्यटकांनी सगळे बिघडवले’ हा नेहमीचा सूर मला इथे लावावासा वाटत नाही. 1699 पासून 1737 पर्यंत या शहरात राहिलेल्या झां-बाप्तिस्त व्हानमूर या चित्रकाराने पेरा (या भागाचे जुने नाव) येथील याच मठातील सेमाचे चित्र रंगवले आहे. परक्या माणसाला कडेला बसून पाहू देण्याची रीत इथे तीनशे वर्षांची आहे, हे त्या चित्रावरूनच दिसते.

सेमा ज्या दालनात होतो त्याला सेमाहाने म्हणतात. ते अष्टकोनी आहे, मधली लाकडी जमीन मोकळी आहे, भोवती खांब आहेत आणि वर सज्जा आहे. प्रेक्षक खांबांच्या बाजूला कडेने बसतात. कोणता तरी खांब कोणाच्या तरी आड येणारच. ही वास्तू प्रेक्षागृह म्हणून बांधलेली नाही, हे लक्षात घेऊन लवकर जावे आणि शक्यतो पुढची, दोन खांबांच्या मधली जागा धरावी. त्यातही दाराच्या समोरच्या बाजूला अंथरलेले तांबडे मेंढीचे कातडे नीट दिसेल अशी जागा सर्वांत चांगली, कारण सगळा सेमा त्या कातड्याभोवती फिरतो. त्याला ‘पोस्त’ म्हणतात, त्यावर विधीचे प्रमुख असलेले शेख उभे राहतात, आणि पोस्तापासून दारापर्यंत एक अदृश्य रेषा मानलेली असते, जिच्यावर कोणी पाय ठेवत नाही. ही रेषा आखलेली नाही, पण दहा मिनिटे माणसांच्या हालचाली पाहिल्या की ती डोळ्यांना दिसू लागते.

सुरुवात होते प्रेषितांच्या स्तुतीने. ही ‘नात’ 1712 मध्ये वारलेल्या इत्री या संगीतकाराची ‘रास्त’ या मकामातील, म्हणजे आपल्याकडच्या रागासारख्या स्वरचौकटीतील, रचना आहे. तिचे शब्द रूमींचे मानले जातात. ती गाणाऱ्याला कसलीही साथ नसते. त्यानंतर कुदूम या जोडनगाऱ्यावर मोजके आघात होतात, ते सृष्टीला दिलेली ‘हो’ ही आज्ञा समजली जातात, आणि मग नेय, म्हणजे ती बोरूची बासरी, सुरू होते. बंद लाकडी खोलीत नेय ऐकण्याचा अनुभव ध्वनिमुद्रणात येत नाही, कारण प्रत्यक्षात सुराच्या आधी श्वास ऐकू येतो. वाजवणाऱ्याच्या ओठांवरून हवा निसटल्याचा एक घोगरा आवाज होतो आणि त्यातून सूर वर येतो. आदल्या रात्री हेच वाद्य ध्वनिक्षेपकावरून ऐकले होते तेव्हा तो श्वास अर्थातच गाळला गेला होता.

मग सेमाझेन, म्हणजे सेमात गिरक्या घेणारे, उठतात आणि उजवीकडून दालनाला तीन फेऱ्या घालतात. या फेऱ्यांना मौलाना जलालुद्दीन रूमी यांच्या मुलाच्या, सुलतान वेलेद यांच्या नावाने ओळखले जाते. प्रत्येक जण पोस्तापाशी आला की ती अदृश्य रेषा ओलांडतो, वळतो, आणि मागून येणाऱ्याच्या समोर उभा राहतो. दोघे एकमेकांच्या चेहऱ्याकडे पाहतात आणि एकाच वेळी वाकतात. मग पहिला पुढे जातो आणि दुसरा तिसऱ्यासाठी वळतो. त्यात एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ होते आणि त्यांच्या मागे विशीही न गाठलेला मुलगा होता. दोघेही सारखेच खाली वाकले. आई माझ्या कानाशी कुजबुजली, “वारीत नाही का, दोघंही एकमेकांच्या पाया पडतात, तसंच.” मी तीन दिवस पुस्तकातून जे समजून घेत होतो ते तिने एका वाक्यात आटोपले.

यानंतर काळे झगे उतरतात. झगा हे थडगे, खालचा पांढरा घेरदार पोशाख हे कफन, आणि डोक्यावरची उंच नमद्याची टोपी ही थडग्यावरची शिळा, असा अर्थ सांगतात; टोपीला तुर्कीत ‘सिक्के’ म्हणतात, त्यामुळे मार्गदर्शकाचे बोलणे ऐकताना आपला मराठी कान क्षणभर नाण्यांकडे वळतो. हात छातीवर फुलीसारखे बांधून प्रत्येक जण शेखांची परवानगी घेतो आणि वळायला लागतो. हात हळूहळू उलगडतात, उजवा तळवा आकाशाकडे आणि डावा जमिनीकडे होतो. वरून घ्यावे आणि खाली द्यावे, स्वतःकडे काही ठेवू नये, असा त्याचा अर्थ आहे. असे चार भाग असतात, त्यांना ‘सलाम’ म्हणतात. तिसऱ्या सलामात लय चढत जाते आणि चौथ्यात स्वतः शेख मध्यभागी येऊन अगदी सावकाश वळतात. शेवटी ‘पूर्व आणि पश्चिम अल्लाहचीच आहेत’ ही कुराणातील आयत म्हटली जाते. सगळ्याला सुमारे एक तास लागतो.

बहुतेकांची नजर फुललेल्या घेरावर खिळते, आणि ते दृश्य सुंदर आहेच. परंतु आईने मला दुसऱ्या सलामात कोपराने ढोसले आणि म्हणाली, “घेर काय बघतोस, पाय बघ.” डावा पाय जमिनीवरून उचलायचा नाही, हा नियम आहे, त्याला खांब म्हणतात आणि उजव्याला चाक. डाव्या पावलावर शरीराचा भार पेलून उजव्याने प्रत्येक वळणाला जमिनीला ढकलायचे, आणि तेही आवाज न करता. शिकणाऱ्याला पूर्वी लाकडी फळीवर बसवलेल्या खिळ्याला डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यात धरून वळायचा सराव करावा लागे, आणि कातडी सोलवटू नये म्हणून तिथे मीठ टाकत. आमच्यापासून दोन हातांवर वळणाऱ्या त्या तरुण मुलाचे मऊ कातडी मोजे डाव्या टाचेपाशी घासून काळे पडले होते. प्रत्येक सलाम संपला की सगळे झटक्यात थांबत. घेर पायांभोवती एक वेढा घेऊन मग उलगडत असे, आणि त्या क्षणी उजव्या पायाचा अंगठा डाव्या अंगठ्यावर ठेवलेला दिसे. याची एक कथा सांगतात : रूमींचा आचारी आतेशबाझ वेली याच्याकडचे सरपण संपले, तेव्हा त्याने स्वतःचे पाय चुलीत घातले; क्षणभर मनात शंका आली म्हणून डावा अंगठा भाजला, आणि गुरूंपुढे उभा राहताना त्याने तो लाजेने उजव्या अंगठ्याखाली झाकला. उपाहारगृहातील तरुणाने हे केले होते की नाही ते आठवत नाही. तिथे पायांवर प्रकाशच नव्हता.

प्रेक्षकांविषयी थोडे लिहायला हवे. सेमा चालू असताना छायाचित्रे काढू नयेत अशी विनंती सुरुवातीलाच झाली होती, तरीही नेयच्या एकल वादनात कोणाच्या तरी भ्रमणध्वनीचा दिवा लखकन चमकला, आणि शेवटी शेख दाराकडे निघाले तेव्हा मागून टाळ्या सुरू झाल्या. सेमाला टाळ्या वाजवत नाहीत. वाजवल्या तर कोणी रागावत नाही, पण उत्तरादाखल कोणी परत येऊन वाकतही नाही, आणि मग टाळ्या वाजवणाऱ्यांचे हात हवेतच अवघडतात. लहान मुलांना नेताना विचार करावा. एक तास गप्प बसणे मोठ्यांनाही जड जात होते. सेमाच्या वेळा आणि दिवस बदलतात, तेव्हा आधी चौकशी करावी, आणि तिकिटाचे दर लिरामध्ये वारंवार बदलत असल्याने आम्ही दिलेला आकडा सांगण्यात अर्थ नाही. जेवणासकटच्या त्या कार्यक्रमापेक्षा ते तिकीट पुष्कळ स्वस्त होते, एवढे नोंदवतो.

ज्यांना खरोखर नृत्यच पाहायचे आहे त्यांनी सेमाच्या वाट्याला जाऊ नये. एजियन किनाऱ्याकडचा झेयबेक पाहावा, ज्यात नऊ मात्रांच्या संथ तालावर नर्तक बाहू पसरून ससाण्यासारखा तोलतो आणि गुडघा जमिनीला टेकवतो. किंवा काळ्या समुद्राकाठचा होरोन, ज्यात केमेंचे या गजाने वाजवायच्या छोट्या तंतुवाद्याच्या झपाट्यावर हात गुंफलेली रांग खांद्यांपासून थरथरते. ती नृत्ये टाळ्या घेतात आणि त्यांना त्या द्याव्यात. ज्यांना सेमाच हवा पण इस्तंबूल वाटेवर नाही, त्यांच्यासाठी कापादोक्यात आवानोसजवळची 1249 सालची सारीहान ही सेल्जुक सराई आहे, आणि रूमींचे समाधिस्थान असलेले कोन्या तर आहेच. तिथे 17 डिसेंबर ही त्यांची पुण्यतिथी ‘लग्नाची रात्र’ म्हणून पाळतात. दगडी सराईत सेमा कसा ऐकू येत असेल याची मला उत्सुकता आहे, पण लाकडी जमिनीवर मोजे घासल्याचा तो बारीक आवाज दगडावर येणार नाही, असे वाटते.

बाहेर पडल्यावर आई गालिप देदे रस्त्यावरील एका वाद्यांच्या दुकानात शिरली आणि तिने नेय मागितली. दुकानदाराने बोरूची, नऊ पेरांची, तोंडाशी शिंगाची टोपी बसवलेली नेय तिच्या हातात दिली आणि ओठांवर तिरकी कशी धरायची ते दाखवले. आईने तीनदा फुंकली आणि तिन्ही वेळा नुसती हवा गेली. “याला सहा महिने लागतात,” तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, “सूर यायलाच.” मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने फळीवरून प्लास्टिकची एक स्वस्त नेय काढली. ती आता आमच्या देवघराशेजारच्या खुंटीला टांगलेली आहे आणि अजून तिच्यातून हवाच जाते.